दीनियातचा तास आणि दहावीचा निकाल

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडला की घुमट आणि कमानींची एक जुनी दगडी इमारत लागते. ही अंजुमन-ए-इस्लामची शाळा. संस्था १८७४ची, शाळा १८८०ची, आणि ही वास्तू १८९३ची. संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, त्यांचे बंधू कमरुद्दीन होते, कोकणी व्यापारी घराण्यातले नाखुदा महंमद अली रोगे होते. बद्रुद्दीन पुढे १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मुसलमानांच्या मुलांनी इंग्रजी शिकलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सरकारी किंवा मिशनच्या शाळेत घातलेले मूल धर्माला पारखे होईल, ही त्या वेळच्या पालकांची भीती त्यांना ठाऊक होती. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणायच्या, असा हा तोडगा निघाला.

दीडशे वर्षे होत आली, तरी महाराष्ट्रातली प्रत्येक मुस्लिम खासगी शाळा याच तोडग्याची आपापली आवृत्ती चालवते आहे. या शाळांविषयी बोलणे निघाले की ते धर्माच्या तासाभोवती घोटाळत राहते. बाहेरच्यांना त्या तासाची धास्ती वाटते आणि आतल्यांना त्याचा अभिमान. माझे म्हणणे असे, की शाळेचा कस त्या तासात लागतच नाही. तो लागतो आठवीनंतर. पहिलीत आलेल्यांपैकी किती मुले दहावीला बसतात, त्यांना मराठी आणि इंग्रजी किती येते, आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातात महिनाअखेर काय पडते, ही मोजमापे लावली तर चित्र बरेच वेगळे दिसते.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. मदरसा वेगळा आणि ही शाळा वेगळी. मदरशात आलिम, म्हणजे धर्मपंडित, आणि हाफिज, म्हणजे कुराण मुखोद्गत असलेले, घडतात. मोहल्ल्याच्या मशिदीतला मकतब हा संध्याकाळचा तासाभराचा वर्ग असतो, आणि तिथे जाणारी बहुतेक मुले सकाळी शाळेत गेलेली असतात. सच्चर समितीने २००६ साली सांगितले, की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले चार टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेल्यांचे काय, हा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि खासगी संस्थांच्या शाळांत शोधावे लागते.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार मुसलमान साडेअकरा टक्के, म्हणजे सुमारे एक कोटी तीस लाख. उर्दू ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७५ लाख. या दोन आकड्यांतल्या फरकातच कोकणी, दखनी, मराठी, गुजराती, कच्छी बोलणारे मुसलमान आहेत, पण शाळेची व्यवस्था लावताना त्यांचा विचार फारसा झाला नाही. खेड्यात आणि लहान शहरात जिल्हा परिषदेची किंवा पालिकेची उर्दू शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत असते. पुढचे माध्यमिक शिक्षण आपल्या राज्यात मुख्यतः खासगी संस्थांच्या हाती आहे. रयत किंवा विवेकानंद शिक्षण संस्थेने जे काम मराठी मुलांसाठी केले, तेच काम उर्दू मुलांसाठी स्थानिक अंजुमन, एज्युकेशन सोसायट्या आणि ट्रस्ट करत आले. पुण्याच्या कॅम्पातले अँग्लो-उर्दू हायस्कूल, रत्नागिरीचे मिस्त्री हायस्कूल, भिवंडीचे रईस हायस्कूल ही त्यातली जुनी, जाणती नावे. जिथे अशी संस्था नाही, तिथे सातवीनंतर मुलाची वाट संपते.

कोल्हापुरात या कामाला संस्थानाने हात दिला. शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे केले. कुराणाच्या मराठी भाषांतरालाही त्यांनी पैसा दिला. शिकायला आलेल्या मुलाची राहण्या-जेवणाची सोय आधी करायची, ही त्यांची पद्धत होती. आजच्या शाळांनी ती पुन्हा हाती घ्यावी असे मला फार वाटते. गावातून तालुक्याच्या उर्दू हायस्कूलला येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह नसणे, हे शाळा सुटण्याचे एक साधे, दुरुस्त करता येण्याजोगे कारण आहे.

कोकणची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात आखातात आणि त्याआधी आफ्रिकेत, जहाजांवर गेलेल्या माणसांनी गावोगाव शाळा बांधल्या. पैसा परदेशातून आला, जमीन जमातीने दिली. या घरांत बोलली जाते ती कोकणी बोली, मराठीची सख्खी बहीण. बाजारात, एसटीत, तलाठ्याकडे मराठी. कुराण अरबीत. आणि शाळा उर्दू माध्यमाची. म्हणजे पहिलीचे मूल जी भाषा घरात ऐकत नाही, त्या भाषेत पहिले अक्षर गिरवते. समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. मुसलमान मुलांनी प्रादेशिक भाषेत शिकावे, असे म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज मोठा होता. त्यांच्या इतर भूमिकांमुळे हा मुद्दाही झिडकारला गेला. कोकणातल्या मुलापुरता तरी तो आजही खरा आहे असे मी मानतो. मुंबईच्या मदनपुऱ्यात किंवा मालेगावात उर्दू ही घरची भाषा आहे. तिथे उर्दू शाळा हा मुलाचा हक्क आहे, आणि तो काढून घेण्याची भाषा करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पण सगळ्या मुसलमानांना एकाच माध्यमाच्या मापात बसवण्याची चूक संस्थाचालकांनीही केली आहे.

उर्दू माध्यमाच्या वर्गात गणिताचे पुस्तक उघडले की ओळी उजवीकडून डावीकडे जातात आणि मधले समीकरण डावीकडून उजवीकडे. मुलांचे डोळे या ये-जा करण्याला सरावलेले असतात. अडचण तिथे नाही. ती येते अकरावीत. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतून. काल ज्याला ‘मुसल्लस’ म्हटले, तो आज ट्रँगल होतो. शिकवणाऱ्याला वाटते मुलाला भूमिती येत नाही, आणि वर्षभर हाच समज चालू राहतो. सेमी इंग्रजीने, म्हणजे गणित आणि विज्ञान आधीपासून इंग्रजीत शिकवण्याने, यावर बराच उतारा सापडला आहे. मराठी शाळांनी जो मार्ग धरला तोच उर्दू शाळांनी धरला. त्यात उशीर झाला तो विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांअभावी.

मराठीचे दुखणे अधिक जुने. उर्दू माध्यमाच्या मुलांना बालभारतीचे ‘सुलभभारती’ असते, नववी-दहावीत ‘अक्षरभारती’. पुस्तके चांगली आहेत. शिकवणे मात्र पुष्कळदा भाषांतरावर चालते. शिक्षक धड्यातले वाक्य वाचतात, उर्दूत अर्थ सांगतात, आणि मूल प्रश्नोत्तरे पाठ करते. मुंब्र्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात मी बसलो होतो. बाईंनी पुस्तक मिटून विचारले, ‘‘काल बाजारात कोण गेलं होतं? काय आणलं?’’ आधी सगळे गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने कोथिंबिरीच्या भावावरून भाजीवालीशी घातलेला वाद मराठीत, मधूनमधून हिंदी मिसळत, पूर्ण सांगितला. त्यानंतर वर्गात हात वर होत राहिले. त्या बाई घरून मराठी होत्या आणि तासाभरात उर्दूचा एकही शब्द त्यांनी वापरला नाही. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीने तास लागतो, भाषा येते ती अशा बाईंमुळे. तलाठी भरती, पोलीस भरती, जिल्हा परिषदेच्या जागा, सगळीकडे मराठीची परीक्षा आडवी येते. जी शाळा आपल्या मुलांना मराठी नीट शिकवत नाही, ती त्यांना सरकारी नोकरीच्या दारातूनच परत पाठवते.

यंत्रमागाच्या गावांत वेगळेच दिसते. भिवंडी आणि मालेगावच्या शाळांत आठवी-नववीचा मुलांचा पट पातळ होतो आणि मुलींचा टिकून राहतो. मुलगा चौदा-पंधराचा झाला की मागावर, सायझिंगवर, नाही तर मामाच्या गॅरेजवर त्याचा दिवसाचा रोज ठरतो. मुलगी शिकत राहते. दहावीत, बारावीत ती पुढे असते, डी.एड., बी.एड., नर्सिंगकडे जाते. मग तिच्या तोडीचा शिकलेला मुलगा बिरादरीत मिळत नाही, ही तक्रार कानावर येते. त्यावर मुलींचे शिक्षण आखडते घेणारे घर अजूनही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९. पायरीवर पाय ठेवण्यात समाज मागे नव्हता. जिना चढताना गळती लागते, आणि ही गळती रोखण्याचे काम माध्यमिक शाळेचे आहे. संध्याकाळचा अभ्यासवर्ग, मागावर जाणाऱ्या मुलासाठी सकाळची पाळी, बापाशी एकदा घरी जाऊन बोलणे, या गोष्टी करणारे मुख्याध्यापक मला ठाऊक आहेत. त्यांचा पट टिकतो.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईची मुस्लिम वस्ती सरकली. मुंब्रा फुगले, मीरा रोड, कुर्ला, जोगेश्वरी दाटले. पुण्यात कोंढवा वाढला. या नव्या वस्त्यांत उर्दू शाळेपेक्षा इंग्रजी माध्यमाची ‘इस्लामी’ शाळा अधिक उगवली. तिचा पालक मध्यमवर्गीय आहे. आधीच्या पिढीत हेच कुटुंब मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालायचे. आता त्याला इंग्रजीही हवे आणि दीनही, आणि मुलीच्या डोक्यावरच्या रुमालावरून कोणी तिला फाटकात अडवू नये असेही वाटते. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये हिजाबबंदी उचलून धरली, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. त्या वर्षानंतर अशा शाळांकडे पाहणाऱ्या पालकांची भाषा बदलली, हे पालकसभांत ऐकू येते.

अशा शाळेचा दिवस कसा असतो? सकाळी हम्द, म्हणजे अल्लाची स्तुती, इक्बालने मुलांसाठी लिहिलेली दुआ, राष्ट्रगीत. मग नेहमीचे तास. त्यात रोज एखादा तास नाजिरा, म्हणजे कुराण पाहून वाचण्याचा, सोबत तजवीद, म्हणजे शुद्ध उच्चार. आठवड्यातून काही वेळा दीनियात: वुजू कसे करायचे, नमाजाचे रकात, पैगंबरांचे चरित्र, शेजाऱ्याशी, आईवडिलांशी कसे वागावे. दुपारी जोहरची नमाज, त्याआधी नळांच्या रांगेशी मुलांची झुंबड. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, रमजानमध्ये वेळ सकाळची. बाकी दिवसभर भागाकार, प्रकाशाचे परावर्तन आणि नकाशावाचन. मी पाहिलेल्या वर्गांत धर्माचा तास कंटाळवाणा असला तर तो पाठांतरामुळे, आणि गणिताचाही कंटाळवाणा असला तर त्याच कारणाने.

दाऊदी बोहरा समाजाने हे एकत्रीकरण सर्वांत शिस्तीने केले. त्यांच्या एमएसबी शाळा सय्यदना महंमद बुऱ्हानुद्दीन यांच्या काळात, १९८४ साली मुंबईत सुरू झाल्या, आणि आता अनेक शहरांत आहेत. वेगळा धर्मतास ठेवण्यापेक्षा विषयाविषयांत धर्मविचार गुंफण्यावर त्यांचा भर. इस्माइली खोजांची माझगावची डायमंड ज्युबिली शाळा त्याहून जुन्या परंपरेतली, शाळेचे दार सर्वांना उघडे ठेवणारी. या दोन्ही जमाती लहान, व्यापारी आणि एका नेतृत्वाखाली संघटित. त्यांच्यासारखे करा, असे सुन्नी संस्थांना सांगणे सोपे आहे, पण तिथे मसलकावरून, म्हणजे पंथभेदावरून, ट्रस्ट फुटतात आणि अध्यक्षपदावरून कोर्टात जातात. एका व्यक्तीच्या नावावर शाळा उभी राहण्यातही धोका आहे. धर्मप्रचारक झाकीर नाईक यांच्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर नोव्हेंबर २०१६मध्ये बंदी आली, तेव्हा त्या संस्थेशी जोडलेल्या माझगावच्या शाळेचे भवितव्य टांगणीला लागले. मुलांचा त्यात काही दोष नव्हता.

हिफ्जचा प्रश्न अनेक पालकांच्या मनात असतो. संपूर्ण कुराण, तीसही पारे, मुखोद्गत करायला मुलाची दोन-तीन वर्षे जातात, आणि तेवढ्यात बरोबरीची मुले पुढच्या वर्गांत गेलेली असतात. पूर्वी हाफिज झालेला मुलगा परत शाळेत येत नसे. महाराष्ट्राच्या सीमेलगत बीदरला डॉ. अब्दुल कदीर यांनी १९८९ साली शाहीन संस्था सुरू केली. तिथे अशा मुलांसाठी स्वतंत्र वर्ग चालतात, त्यांना ते अतिदक्षता विभाग म्हणतात. भाषा आणि गणित मुळापासून करून घेऊन मुलाला दहावीला, पुढे नीटला बसवतात. तिथून हाफिज डॉक्टर झालेले आहेत. ज्याने तीस पारे पाठ केले, त्याच्याजवळ एकाग्रता आहेच, हे गृहीत धरून ते कामाला लागतात. महाराष्ट्रातल्या संस्थांनी यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पैशांचे गणित बाहेर क्वचित कळते. रमजानमध्ये जकात गोळा होते, वर्षभर टिकलेल्या बचतीच्या अडीच टक्के. पण हनफी उलेमांच्या मते जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून ती इमारतीला किंवा पगाराला लावता येत नाही. ती गरीब मुलाच्या फीसाठी, पुस्तकांसाठी जाते. भिंती आणि बाके ‘लिल्लाह’च्या, म्हणजे जकातीखेरीज स्वेच्छेने दिलेल्या, देणगीतून येतात. त्यामुळे देणगीदाराला इमारत दिसते, तिच्यावर आजोबांच्या नावाची फरशी लागते, आणि शिक्षकांचा पगार कोणाच्याच वाट्याला येत नाही. अनुदानित शाळेत तो सरकार देते. विनाअनुदानित आणि २०१२च्या कायद्याखाली निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांत तो फीमधून निघतो, आणि फी वाढवता येत नाही, कारण पालक रिक्षा चालवतो. मग बी.एड. झालेली मुलगी घराजवळ आहे म्हणून अत्यल्प पगारावर शिकवते आणि लग्नानंतर सोडते. दर वर्षी नवा शिक्षक, हे या शाळांचे सर्वांत मोठे दुखणे आहे असे माझे मत झाले आहे.

कायद्याची चौकट भक्कम आहे. घटनेच्या कलम ३०ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ सांगते, की अनुदान घेणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही. २००२च्या टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी अल्पसंख्याकत्व राज्यागणिक ठरवले. पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाचा २००५चा खटला तर इतका गाजला, की घटनादुरुस्ती करून खासगी संस्थांतही राखीव जागा ठेवू देणारे कलम १५ (५) आणावे लागले, आणि त्यातूनही अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदाच या संस्थांना लागू नाही असे ठरवले. परिणाम असा, की २५ टक्के गरीब मुलांचे मोफत प्रवेशही इथे नाहीत. श्रीमंत अल्पसंख्याक शाळेच्या भिंतीपलीकडच्या झोपडीतले मुस्लिम मूलच त्याने बाहेर राहिले. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार धार्मिक अल्पसंख्याकांत मुसलमान सुमारे ६९ टक्के, पण अल्पसंख्याक शाळांत त्यांच्या शाळा २३ टक्क्यांच्या आत. मोठी सवलत, आणि ती वापरणारे हात थोडे.

आता हा प्रश्न पुन्हा उघडला आहे, आणि उघडला तोही महाराष्ट्रातूनच. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक नोकरी उरलेल्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. अल्पसंख्याक शाळांना ती लावायची की नाही, आणि २०१४चा निकाल बरोबर होता का, हे मोठ्या पीठाकडे सोपवले. संस्थांची पहिली प्रतिक्रिया हक्क वाचवण्याची होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्या हक्काचे जतन शिक्षकाला परीक्षेपासून दूर ठेवून होणार नाही. पीठ काहीही ठरवो, टीईटीची तयारी संस्थेने स्वखर्चाने करून घ्यावी, ती पास होणाऱ्याचा पगार वाढवावा, आणि लिल्लाहच्या देणगीची पावती फाडताना इमारत निधीच्या शेजारी शिक्षक निधीचाही रकाना छापावा. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दहावीचा निकाल वाचून दाखवतात, तेव्हा त्याच तुकडीत दहा वर्षांपूर्वी पहिलीत किती नावे होती, तेही मोठ्याने वाचावे.